युवराजांच्या हातावर पाणी घालणारा मेकुरिया

मेकुरियाबद्दल सांगायचं तर आधी कबूल करून टाकतो: मी तीस वर्षं त्याच्यावर जळत आलोय. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. माझं काही निवळलं नाही.

आम्ही दोघंही इथिओपियातल्या अदिस अबाबाचे. सैनिकांनी राजवाडा घेतला, आम्ही पळालो, आणि चार देशांचं पाणी पिऊन शेवटी इथे अमेरिकेत, अलेक्झांड्रियाला येऊन पडलो. मेकुरिया एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये काचेच्या खोक्यात बसून गाड्यांच्या पावत्या फाडायचा. मी टॅक्सी चालवायचो. म्हणजे दोघंही सारखेच. पण माझे आजोबा राजवाड्याचे पहारेकरी होते, कमरेला तलवार. त्याचा बाप तिथेच खेचरांना दाणा घालायचा. आणि दर सप्टेंबरात, आमच्या नव्या वर्षाच्या जेवणाला, युवराजांच्या हातावर पाणी कोण घालणार? तर मेकुरिया.

हात धुवायला झारी-तस्त घेऊन फिरणं आमच्याकडे घरातलं कुणीही करतं. पण गादीच्या वारसाच्या हातावर पाणी घालतो तो दरबारातला माणूस. उद्या राज्य परत आलं तर त्याची जागा ठरलेली. मला ती जागा हवी होती. दुसरं काहीही नको होतं.

तो पाणी घालायचा मात्र सुरेख, हे मेलं कबूल करावंच लागतं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाहतात तसं पाणी आधी मनगटावर पाहायचा. मग बारीक धार. युवराजांच्या बाहीवर थेंब उडाला नाही कधी. खांद्यावरची पांढरी शाल घसरायची नाही. आणि हे झालं की गडी खुशाल मागच्या रांगेत जाऊन बसायचा. मोठेपणा मिळूनही तो मिरवायचा नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

आमचे युवराज नाओद साधा माणूस. विम्याच्या ऑफिसात नोकरी. दरवर्षी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये उभे राहून एकच भाषण करायचे: "मला आजोबांसारखं राज्य नकोय. घटना हवी, निवडून आलेलं सरकार हवं. राजानं फक्त सही करायची आणि देश जोडून ठेवायचा." आम्ही टाळ्या वाजवायचो. सात वर्षांपूर्वी ते भाषण ऐकताना माझ्या डोक्यात आलं, अरे, हाच तर आपला मार्ग.

दुसऱ्या वर्षीच्या जेवणाला दोन आठवडे उरले असताना मी युवराजांना टॅक्सीत गाठलं.

"युवराज, एक विचारू? तुमच्या घटनेत सगळी प्रजा सारखी ना?"

"अर्थात, बेयेने."

"मग झारी एकाच माणसाच्या हातात जन्मभर कशी?"

ते इतके खूश झाले की मागच्या सीटवरून माझा खांदाच दाबला. "अगदी बरोबर. निवडणूक घेऊ. गुप्त मतदान."

मग काय, घरी मी कामाला लागलो. बायकोला, वर्कनेशला, रोज स्वयंपाकघरात उभं करून तिच्या हातावर पाणी घालायचा सराव.

"अरे, कातडी सोलून निघायची माझी," ती म्हणायची. "आणि लादी कोण पुसणार? तुझे युवराज?"

"तू मत मला देणार ना?"

"आधी धार बारीक कर."

जेवणाच्या दिवशी हॉलमध्ये एकतीस जण होते. चिठ्ठ्या वाटल्या. युवराजांनी इंजेराच्या, म्हणजे आमच्या आंबवलेल्या भाकरीच्या, टोपलीचं झाकण उलटं धरलं आणि स्वतः रांगेरांगेतून फिरून चिठ्ठ्या गोळा केल्या. मी माझंच नाव लिहिलं, ठसठशीत, वडिलांच्या नावासकट, कारण आमच्यात बेयेने दोन आहेत, दुसरा बेकरीवाला.

मग युवराज वाचायला लागले. मेकुरिया. मेकुरिया. मेकुरिया. पुढे ऐकवेना. मध्येच बेयेने तक्ले, म्हणजे मी. मग परत मेकुरिया, मेकुरिया. अगदी शेवटी पुन्हा एकदा मी. एकोणतीस विरुद्ध दोन. लोक हसले नाहीत, तेवढी दया केली. मेकुरियाने उठून झारी घेतली, युवराजांचे हात धुतले, आणि मग थेट माझ्यापाशी आला. दरवर्षी तो फक्त पहिल्या रांगेचे हात धुवायचा, आणि मी होतो चौथ्या रांगेत.

"हात पुढे कर, गड्या," तो म्हणाला. "रस्सा गार होतोय."

मी हात पुढे केले. पाणी अगदी हवं तेवढं कोमट होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जाताना टॅक्सीत मी वर्कनेशला म्हटलं, "निदान तू तरी माझ्या बाजूने उभी राहिलीस."

"मी? मी मेकुरियाला दिलं मत."

"काय?"

"मग? त्याच्या हातून कधी लादी भिजली नाही."

"तू नाहीस, तर मग दुसरं मत कुणाचं?"

ती म्हणाली, "मेकुरियाचं. मागच्या रांगेत माझ्या शेजारीच बसला होता ना. मला विचारलं, 'बेयेनेच्या वडिलांचं नाव तक्लेच ना? नाहीतर चुकून बेकरीवाल्याला जायचं.'"

मी गाडी कडेला घेतली. "पण त्याने मला कशाला दिलं?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, 'बेयेने माझंच नाव लिहिणार. इतक्या वर्षांचा आपला माणूस. मग मी त्याचं नको लिहायला?'"

मी इंजिन बंद केलं.

"मी कुणाचं लिहिलं, ते तू त्याला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? तुला तोंड आहे ना."

याला सहा वर्षं झाली. मेकुरिया आता थकलाय, झारी दोन्ही हातांनी धरावी लागते, तरी दर सप्टेंबरात युवराजांचे हात धुतले की तो चौथ्या रांगेत माझ्यापाशी येतो. मी हात पुढे करतो. अजून सांगितलेलं नाही.