संपलेल्या चिठ्ठ्यांचा डबा

लग्न जमवताना माझ्या मामांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "मुलगा निर्व्यसनी आहे. विडी नाही, पत्ते नाहीत, मान खाली घालून काम करतो." मामांची चूक नव्हती. मान खाली घालून हा माणूस काय वाचत असतो, हे त्यांना कुठून कळणार? मलाही ते लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात कळलं.

आमच्या ह्यांचं धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन इमारतींमधलं बोळकांडं. त्यात एक लांब टेबल, टेबलावर चार पदरी घोंगडी, मागे फळ्या आणि फळ्यांवर घड्या. ह्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग आहेत आणि प्रत्येक डागाची हकिकत तयार. "हा बघ, हा बँकेतल्या साहेबांच्या कोटाचा. इस्त्री घसरली, म्हणून मी हात मध्ये घातला." कोट वाचला म्हणून हा माणूस अजून खूश आहे. हाताचं काय, तो घरचाच.

कपडे भिजवण्याआधी खिसे चाचपावेच लागतात. एखादं पेन राहिलं तर शर्टाचं वाटोळं. किल्ल्या, कंगवे, नाणी, जे निघेल ते पुडीत बांधून घडीवर ठेवून परत जातं. आजवर एक सेफ्टी पिन इकडची तिकडे झालेली नाही. आणि निघतात चिठ्ठ्या, वाणसामानाच्या. तेच ह्यांचं व्यसन.

त्यालाही ह्यांचा कायदा आहे. चिठ्ठीतली एक जरी वस्तू खोडायची राहिली असेल तर ती चिठ्ठी जिवंत. ती चिमट्यात अडकवून ठेवायची आणि इस्त्री झाली की त्याच खिशात परत घालायची. सगळ्या वस्तू खोडलेल्या असल्या तर चिठ्ठी संपली. संपलेली चिठ्ठी ह्यांची. ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाते, आणि चार वाजता चहाचा पेला हातात घेऊन हे ती वाचत बसतात. अहो, पेपर वाचावा तशी वाचतात!

"हिच्याकडे पाहुणे येणार होते बघ. साखर दुप्पट."

"हा माणूस चिडून लिहितो. कागदाला भोक पडलंय."

"ही बघ, दोघांच्या हातची. तिने बटाटे लिहिलेत, त्याने खाली चॉकलेट लिहिलंय, तिने ते खोडलंय, त्याने परत लिहिलंय."

"आणि आणलं का चॉकलेट?" मी न राहवून विचारायचे.

"खोडलंय शेवटी. पण खोडलंय कुणी, ते कळत नाही," असं म्हणून हे चिठ्ठी उजेडात धरायचे. मग चहा गार.

मी शंभरदा सांगून पाहिलं. लोक विश्वासाने कपडे टाकतात, त्यांना कळलं की आपण त्यांचे कागद वाचतो, तर उद्यापासून घड्यांऐवजी हवा विकायची का? हे शांतपणे म्हणायचे, "लोक ती फेकूनच देणार असतात गं. मी नुसती उचलून ठेवतो." असल्या माणसाशी भांडून काय मिळणार!

बरं, लोकांच्या चिठ्ठ्यांवर इतका जीव, आणि बायकोच्या चिठ्ठीची काय गत? मी जेवणाच्या डब्यात चिठ्ठी घालून पाठवायची पाच वस्तूंची, संध्याकाळी घरी येणार तीन. साबण हमखास राहणार. "चिठ्ठी कुठाय?" म्हटलं की, "हरवली." एकोणीस वर्षं हेच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या मंगळवारी आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हे विसरणार याची मला खात्री होती, म्हणून मी चिठ्ठीतच लिहिलं. साखर, आंघोळीचे साबण दोन, गुलाबी दोऱ्याचं रीळ, आणि खाली, "आज दाढी करून या. लवकर या, वाट बघतेय." लिहिताना मला माझीच लाज वाटली, पण लिहिलं. संध्याकाळी हे आले ते नेहमीपेक्षा उशिरा, दाढीचे खुंट तसेच, हात हलवत. चिठ्ठी हरवली म्हणाले. मी चार दिवस तोंडातून चकार शब्द काढला नाही. डबा मात्र द्यायचे, आपली चूक नको.

शनिवारी सकाळी मी दुकानातच होते, घड्या मोजायला. अबोला चालूच होता. समोर बसचा ड्रायव्हर आणि बेकरीवाली आपापल्या कपड्यांसाठी थांबलेले. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हातची छडी खाऊन मोठी झाली आहेत. त्यांना पाहून ड्रायव्हरने आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं.

बाईंनी टेबलावर एक कागद आपटला. "हे आमच्या ह्यांच्या पँटच्या खिशात होतं. तुमच्याकडून आलेल्या पँटच्या. कुणाचं अक्षर आहे हे?"

त्यांचे मिस्टर दातांचे डॉक्टर. माणूस इतका गरीब की दात उपटण्याआधी पेशंटचीच माफी मागतो. मी वाकून कागद पाहिला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. साखर, साबण, गुलाबी रीळ, वाट बघतेय. माझं अक्षर!

"पंचवीस वर्षांची दाढी!" बाईंचा आवाज चढत गेला. "बुधवारी सफाचट करून आले. पाच वाजता! रोज आठला येणारा माणूस! हातात साखर, साबण आणि गुलाबी रीळ. मी आयुष्यात सुई हातात धरलेली नाही. मी विचारलं, कुणासाठी? तर नुसते हसले. काल कपाटातल्या पँटमध्ये ही सापडली, घडी घालून जपून ठेवलेली. आज मी माझ्या भावाकडे जाणार आहे. पण जाण्याआधी मला ही बाई कोण ते कळलं पाहिजे!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा परटघडीसारखा पांढरा. मंगळवारी काय झालं असेल ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. माझी चिठ्ठी वाचायची राहून टेबलावर, डॉक्टरांची जिवंत चिठ्ठी चिमट्यात. माझी डॉक्टरांच्या पँटमध्ये गेली आणि डॉक्टरांची ह्यांच्या शर्टात.

आता गप्प बसले तर एका भल्या माणसाचा संसार मोडणार, आणि बोलले तर ड्रायव्हर आणि बेकरीवालीसमोर माझी शोभा. बेकरीवालीला कळलं म्हणजे पावाबरोबर घरोघर पोचलं. पण काय करता? "बाई," मी म्हटलं, "ते अक्षर माझं आहे."

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला गृहपाठ न केल्याची आठवण झाली.

"म्हणजे ह्यांच्यासाठी आहे ते!" मी घाईघाईने ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "माझ्या नवऱ्यासाठी! चुकून डॉक्टरांच्या खिशात गेली."

बाईंनी ह्यांना आपादमस्तक न्याहाळलं. खुंट वाढलेले, बनियनला भोक, खांद्यावर फडकं. ह्यांची कुणी वाट बघत असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. खरं सांगते, त्या क्षणी माझाही बसला नसता.

"लिहून दाखवा," बाई म्हणाल्या. पर्समधून कोरा कागद काढला, पेन दिलं आणि चक्क सांगायला लागल्या. "साखर. आंघोळीचे साबण. हं, लिहा. समास सोडा."

माझं अक्षर असं फिसकटलं की साखरेचा सा एका ओळीत आणि खर दुसऱ्या ओळीत. ड्रायव्हर मान वाकवून बघत होता. बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. "मुळीच जुळत नाही," म्हणाल्या, आणि पर्स बंद केली.

तेव्हा हे बोलले. आवाज इतका बारीक की आधी मला ऐकूच आला नाही. "थांबा बाई. माझ्याकडे तिचं अक्षर आहे."

फळीवरून बिस्किटांचा डबा खाली आला. झालं, आता हा माणूस आपल्या हाताने दुकान बुडवणार! डबा उघडला, आणि टेबलावर लोकांच्या चिठ्ठ्यांचा ढीग झाला. ड्रायव्हरने एक उचलली. "अरे, ही माझी! मेणबत्त्या खोडल्यात? मी मेणबत्त्या आणल्याच नव्हत्या! बायको म्हणत होती, न आणताच खोडल्यात, तेच खरं की!" बेकरीवालीने मात्र ओठ आवळून ढिगातून आपली चिठ्ठी शोधली, ब्लाउजमध्ये खोचली, कपड्यांचं गाठोडं उचललं आणि ती चालती झाली. पुढचे दोन महिने तिने कपडे दुसरीकडे टाकले.

डब्याच्या तळाशी पावडरचा एक चपटा डबा होता. तो मी कधी पाहिला नव्हता. ह्यांनी तो बाईंपुढे उघडून ठेवला.

आत माझ्या चिठ्ठ्या. शे-दोनशे तरी असतील. इस्त्री करून, एकावर एक. सगळ्यात वर गेल्या आठवड्यातली आणि सगळ्यात खाली पहिली, लग्नानंतरच्या महिन्यातली. "बटाटे, कांदे, चहा. तुम्हाला कुठली भाजी आवडते ते मला अजून माहीत नाही, तेव्हा तीही आणा." एकाही चिठ्ठीत एकही वस्तू खोडलेली नव्हती.

बाईंनी चार-पाच चिठ्ठ्या वाचल्या. जोडाक्षरं तपासली. मग ड्रायव्हरने पुढे केलेल्या स्टुलावर त्या बसल्या, आणि जरा वेळाने कुणाला उद्देशून नाही असं म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांना वाटलं, मीच लिहिलीय."

ड्रायव्हरने हातातली चिठ्ठी हळूच ढिगात परत ठेवली.

"अक्षर तरी ओळखायचं ना!" बाई म्हणाल्या. "पण ओळखणार कशावरून? मी कधी लिहिलंय त्यांना काही? शेरे लिहिते मी, दिवसभर लोकांच्या पोरांना." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "लवकर आले हो. पाच वाजता आले. आणि मी दारातच ओरडले त्यांच्यावर."

मग त्या उठल्या, ह्यांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी खिसे नीट बघा," आणि गेल्या. भावाकडे नाही. दवाखान्याच्या रस्त्याने. आमची चिठ्ठी टेबलावरच राहिली. ती पुढे करत मी ह्यांच्यासमोर उभी राहिले, आणि चार दिवसांचा अबोला एका वाक्यात फुटला.

"हरवली म्हणत होतात ना? एकोणीस वर्षं?"

हे घोंगडी झटकायला लागले. "वाण्याच्या हातात दिली की तो चुरगळतो. तेलकट बोटं लावतो."

"मग?"

"मग काय, पाठ करून जायचो."

"आणि विसरायचात!"

"एखादी वस्तू राहायची," हे म्हणाले. "पाठांतर कच्चंच आहे माझं."

अहो, काय बोलावं! एकोणीस वर्षं मी साबणावरून भांडले, आणि हा माणूस चिठ्ठीला डाग पडू नये म्हणून शिव्या खात राहिला. मला हसू आलं, रडू आलं, आणि ड्रायव्हर अजून तिथेच उभा होता म्हणून रागही आला. त्याला त्याचे कपडे देऊन आधी बाहेर काढलं. मग मी रडले.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांची पँट धुवायला आली. खिशात चिठ्ठी होती, सुबक, समास सोडलेली. साखर खोडली होती, चहा खोडला होता. शेवटची ओळ सामानाची नव्हती आणि ती खोडलेली नव्हती. काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही, आम्ही विश्वासाचा धंदा करतो. चिठ्ठी जिवंत होती म्हणून ह्यांनी ती चिमट्यात लावली आणि इस्त्री झाल्यावर परत खिशात घातली. या वेळी तीनदा बघून.

मी आता रोज दोन चिठ्ठ्या लिहिते. एक वाण्याला द्यायची, चुरगळली तरी चालेल अशी. दुसरी पावडरच्या डब्यासाठी. तिच्यात सामान कमी असतं.

साबण अजूनही विसरतात. परवा विचारलं तर म्हणाले, वाण्याच्या दुकानात दुसरीच चिठ्ठी वाचत उभा होतो.