सत्तेचाळीस नंबरची बाटली

तिच्या स्फटिकांचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा कुणाच्या दागिन्यांचाही कधी वाटला नाही. हसायचं तर हसा. मी केमिस्ट होते, मला तसलाच हेवा वाटायचा.

पिरंगुटला एका लहानशा औषध कारखान्यात मी नोकरीला होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खाली गोळ्या बनायच्या, आणि लोखंडी जिना चढून वर गेलं की आमची संशोधनाची खोली. एड्सच्या विषाणूवरचं पहिलं औषध तेव्हा परदेशात नुकतंच निघालं होतं, आणि आमच्या सरांच्या डोक्यात बसलं होतं की त्याच जातकुळीतले नवे रेणू आपणही करायचे. विषाणू आमच्याकडे नव्हताच. आम्ही फक्त पांढरी पूड करायची, आणि ती तपासायला बाहेरच्या देशात पाठवायची. पण हे आमच्या भूगावात कुणाला पटवणार? सकाळच्या एसटीत ओळखीच्या बायका मला बघून पदर नाकाला लावायच्या. आई तर रोजच सुरू व्हायची, "सोड बया ते रोगाचं काम. कोन करंल तुला?" मला त्याचं काही वाटायचं नाही. त्या खोलीत मी चार वर्षं काढली होती, ती खोली माझी होती.

आणि मग ती आली. एम.एस्सी. झालेली, विद्यापीठात पहिली आलेली. मी साधी बी.एस्सी. ती पौडच्या पलीकडच्या एका गावातल्या बौद्ध घरातली, वडील मास्तर. आमचं घर भूगावातलं जमीनजुमलेवालं. आमच्या घरात कुणी तोंडाने काही बोललं नसतं, पण 'ही आपल्या पुढे जाणार?' असं माझ्या मनात आलं त्यात जातीचंही होतं. लिहायला लाज वाटते, पण होतं. ती मात्र पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायला लागली. डब्यातली सुकटीची चटणी आधी माझ्या पुढे करायची. मी खायची, आणि खाताखाता जळायची.

कारण तिचे हात! आमच्या कामात शेवटी पदार्थ चिकट काकवीसारखा हाती येतो. त्याचे स्फटिक पाडावे लागतात, तेव्हाच तो शुद्ध झाला म्हणायचा. काचेच्या सळीने चंबूच्या आतल्या बाजूला खरवडत बसायचं, की कुठेतरी एक कण धरतो आणि मग सगळं गोठत जातं. मी दोन-दोन दिवस खरवडायची. ही बाई चंबू हातात घ्यायची, उजेडाकडे धरून जरा तिरका करायची, दोनदा सळी फिरवायची, की झालं! सर मला हाक मारून म्हणायचे, "अहो, या इकडे, बघून घ्या जरा." बघून घ्या म्हणे! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझ्या.

पावसाळ्याच्या तोंडावर सरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. म्हणाले, "दोघी एकेक नवा रेणू करा. दोन्ही एकाच पार्सलात जातील. मालक वरच्या खोलीत एकच जागा ठेवायला तयार आहेत. अहवाल आला की ठरवू. दुसरीला खाली, गोळ्यांच्या तपासणीत जावं लागेल." खाली म्हणजे दिवसभर गोळ्या वजन करायच्या आणि रजिस्टरमध्ये आकडा मांडायचा. त्या रात्री मी जेवले नाही.

आता थोडं काम समजावते, त्याशिवाय माझं पाप कळायचं नाही. या रेणूत साखरेचं एक कडं असतं, आणि त्याला नायट्रोजनची शेपटी लावायची असते. ती कड्याच्या खालच्या बाजूलाच लागायला हवी. पण लावताना ती हमखास उलट बाजूला जाते. म्हणून कडं आधी एकदा पलटून घ्यायचं, मग शेपटी लावायची, की ती बरोबर खाली येते. भाकरीसारखं, दोन्ही वेळा उलटलं तरच जमलं. हे आधीचं पलटण्याचं काम माझ्याकडे होतं. दोघींसाठी मीच करून ठेवायची.

सरांचा एक नियम होता. शेजारच्या कारखान्यांना सुगावा लागू नये म्हणून बाटलीवर पदार्थाचं नाव लिहायचं नाही, फक्त वहीतल्या पानाचा नंबर. वह्या सरांच्या कपाटात कुलपात. फ्रीजमध्ये माझ्या बाटल्या होत्या, एकेचाळीस म्हणजे न पलटलेलं आणि सत्तेचाळीस म्हणजे पलटलेलं. मुळशीचा पाऊस सुरू झाला की आमच्याकडे भिंतींनाही पाणी सुटायचं. त्यात वीज जायची आणि फ्रीज आतून घामेजायचा. एका सकाळी उघडून बघितलं, तर चिठ्ठ्या गळून तळाशी पडलेल्या, शाई पसरलेली. दोन बाटल्या, दोन्हींत पांढरी पूड. कुठली कुठली, हे फक्त मला ठाऊक होतं. एकीच्या झाकणाचा टवका मीच उडवला होता.

सर पुण्याला गेले होते. ती दोन्ही बाटल्या घेऊन माझ्याकडे आली. मी नळाखाली भांडी धूत होते.

"ताई, सत्तेचाळीस कुठली हो यातली?"

टवका उडालेली सत्तेचाळीस. मी दुसऱ्या बाटलीकडे बोट केलं.

"ही?"

"हो, तीच."

ठरवून केलं नव्हतं. आधीपासून मनात कट वगैरे काही नव्हता. बोट गेलं, तोंडातून शब्द गेले, आणि मागे घ्यायला अख्खा दिवस होता तरी मी घेतले नाहीत. तिने नवी चिठ्ठी कापली, स्वच्छ अक्षरात सत्तेचाळीस लिहिलं आणि कामाला लागली. खरी सत्तेचाळीस मी माझ्यासाठी घेतली.

बारा दिवसांनी तिने चंबू उजेडाला धरला. लांब, चकचकीत सुया पडल्या होत्या. असे स्फटिक आमच्या खोलीत त्याआधी कुणी पाडले नव्हते. सर बघतच राहिले. मला ठाऊक होतं की शेपटी चुकीच्या बाजूला आहे, त्या सुयांना काही अर्थ नाही. तरी मी जळलेच. चुकीचासुद्धा हिच्या हातून असा देखणा निघावा? माझा बरोबर बाजूचा रेणू तेव्हा चंबूत काकवी होऊन बसला होता. पार्सल जायच्या दिवशी कसाबसा गोठला, पिवळट.

अहवाल यायला दिवाळी उलटली. भातं कापून झाली होती. मी तिच्या अहवालाची वाट बघत होते, माझ्या नाही. सरांनी कागद वाचला. माझ्या रेणूचा विषाणूवर परिणाम शून्य. तिच्या रेणूचा परिणाम होता. फार नाही, पण होता!

मला आधी ऐकूच आलं नाही. मग कळलं, की माझ्या खोटेपणानेच हिला यश दिलं. शेपटी वर असलेला रेणू काम करत होता, आणि जगात हे फक्त मला माहीत होतं. तिला नाही, सरांना नाही. सरांनी पेढे मागवले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

तिकडून पत्र आलं, आणखी पाठवा. तिने वापरलेली बाटली संपली होती. मी कडं पलटून दिलं, या वेळी अगदी खरं. तिने तिच्या वहीतल्या शब्दाबरहुकूम सगळं केलं. निघाली भलतीच पूड. वितळण्याचं तापमान वेगळं, सुया नाहीत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सर तिच्या शेजारी उभे राहिले, आणि तरी तेच. चौथ्या दिवशी सरांनी तिची वही टेबलावर आपटली. "पहिल्या वेळी काय घातलंत त्यात? खरं सांगा. का वहीत मनाला येईल ते लिहिलंत?" ती रडली नाही. "सर, जे केलं तेच लिहिलंय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सोमवारी ती खाली गोळ्यांवर गेली. वरची खोली मला मिळाली.

आणि तुम्हाला वाटेल, तेव्हा मी कबुली दिली. छे! मी दार लावून न पलटलेल्या पुडीपासून स्वतः तो रेणू करायला बसले. माझ्या नावावर लागणार होता ना! नऊ दिवस घेतले. हाती काकवी आली. खरवडून खरवडून माझं मनगट सुजलं. एकही कण धरेना. मी चंबू उजेडाला धरला, तिच्यासारखाच तिरका केला, आणि तेव्हा मला माझीच किळस आली. चोरीसुद्धा मला हिच्या हातांशिवाय जमत नव्हती.

चंबू तसाच घेऊन मी खाली उतरले. ती तराजूपुढे बसली होती, डोक्याला कापडी टोपी. मी उभ्याउभ्याच सांगितलं. "सत्तेचाळीस ती नव्हती. मी तुला चुकीच्या बाटलीवर बोट दाखवलं. माहीत असून."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. नजर चंबूवर.

"म्हणजे शेपटी वर होती?"

"हो."

"वर असून चालला तो?" तिचा चेहरा असा उजळला की मी दोन पावलं मागे सरले. शिव्या दिल्या असत्या, मुस्काटात मारली असती, तर मी सोसलं असतं. तिने चंबू माझ्या हातातून घेतला, टोपी काढून तराजूवर टाकली आणि जिन्याकडे निघाली. लोखंडी पायऱ्यांवर मध्येच थांबली. लॅबमध्ये ती नेहमी पुस्तकी मराठी बोलायची, तोलूनमापून. त्या दिवशी पहिल्यांदा घरचं बोलली.

"ताई म्हनत हुते मी तुमाला. आता न्हाई म्हननार."

आणि वर गेली. सरांना हाका मारत, दोन-दोन पायऱ्या गाळत. मी खाली उभी होते. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. एवढं ऐकूनसुद्धा तिला सगळ्यात आधी आठवला तो रेणू. मला मात्र त्या खोलीत चार वर्षं काढूनही तो कधीच आधी आठवला नव्हता.