रावसाहेबांच्या किटल्या आणि माझी दोन सिलिंडरची गाडी

रावसाहेबांचं नाव सगळ्यात आधी लिहितो. नाहीतर गाडीच्याच गोष्टी होतील आणि माणूस मागे राहील. श्रीरामपूरहून नेवाशाकडे जाताना आतल्या अंगाला एक वस्ती आहे, तिथे ते राहतात. घरी चार गाई. शेजारच्या सात-आठ घरांचं दूध गोळा करून रोज सकाळ-संध्याकाळ मोटरसायकलवरून संकलन केंद्रावर पोचवायचं, हा त्यांचा धंदा. नावात साहेब आहे म्हणून अधिकारी समजू नका. या नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, बोलण्यात नगरच) घरोघरी भाऊसाहेब, बाळासाहेब, रावसाहेब असतात. इकडे कामाला नवा आलो तेव्हा असं नाव ऐकलं की मी उठून उभा राहायचो. कारखान्यातल्या चहावाल्या अण्णासाहेबांसमोरही तीन दिवस उभा राहिलो. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "बसून पी की रं, चहा सांडतोय."

आपल्या वाचनालयातले गुरुजी फोनवर म्हणाले, तिकडचं काही लिहून पाठव, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते त्या दिवशी वाचून दाखवू. माझी शाळा आठवीत सुटली हे गुरुजींना चांगलं माहीत आहे, कारण सुटू नये म्हणून तेच दोनदा घरी आले होते. तेव्हा चुका झाल्या तर त्यांनीच सुधाराव्यात.

केडगावला माझी खोली आहे. तीन वर्षं झाली, भंडाऱ्याकडे, गावाला आलो नाही. सुट्टी मिळत नाही हे कारण मी सगळ्यांना सांगतो, आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज सांगतो. गेल्या वर्षी निघालो होतो. माझी जुनी गाडी एका सिलिंडरची, उंच, हलकी, नांगरलेल्या वावरातूनही पळणारी. पण हायवेवर ऐंशीच्या पुढे गेली की हँडल असं थरथरायचं की बोटं बधिर व्हायची. बाजूने ट्रक गेला की गाडी हातभर सरकायची. सातशे किलोमीटरपैकी दोनशे झाले, जालना मागे पडलं, आणि मी एका पंपावर बसून हात चोळत राहिलो. मग परत फिरलो. आईला सांगितलं, सुट्टी रद्द झाली.

म्हणून या वर्षी ती विकली आणि दोन सिलिंडरची मोठी गाडी घेतली. सावेडीत एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये दोन वर्षं झाकून ठेवलेली होती. मालकांनी चावी देताना एवढंच सांगितलं, "जड आहे हं." वजन दोनशे वीस किलो. जुनीच्या दीडपट. पहिल्या दिवशी खोलीसमोर ती उभी केली आणि दारात बसून बघत राहिलो. दाखवायला कोणी नव्हतं. शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या, म्हणाल्या, "नळावर जायची वाट तेवढी सोडा."

मंडईला तीन आठवडे होते. एवढ्या गाडीवर एकटा गावापर्यंत येईन की नाही, हे आधी बघायला हवं होतं. ठरवलं, एका रविवारी नगरहून राहुरी, श्रीरामपूर, नेवासा असा फेरा मारायचा आणि दुपारी परत. जमलं तर आईला कळवायचं. नाही जमलं तर ही पण विकायची आणि गावाला जायचं नाव काढायचं नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. हवापाणी दोनदा तपासलं, चेनही दोनदा, आणि सावेडीच्या पुढे जाऊन पुन्हा थांबून गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांची कुलपं हलवून पाहिली. नगर सोडलं की विळद घाट लागतो. घाट म्हणजे आपल्याला वाटतो तसा डोंगर नाही, एक लांब उतार. तो उतरताना पहिल्यांदा गाडी कळली. नव्वदवर आहे, आणि हँडलवर हात नुसते ठेवलेले. आवाजसुद्धा खाली कुठेतरी, घरघर करणाऱ्या मांजरासारखा. मला हसू आलं. हेल्मेटच्या आत माणूस हसला काय, रडला काय, सारखंच.

राहुरीच्या पुढे सगळा ऊस. आपल्याकडे जसं जिकडे बघावं तिकडे धान, तसा इकडे ऊस, आणि माती अशी काळी की ओली झाल्यावर कोळशासारखी दिसते. गाळप सुरू झालं होतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले. मागे तुरे लोंबतात, पुढे गाणं लागलेलं असतं, आणि चालवणाऱ्याला मागचं काही ऐकू येत नाही.

सात वाजून गेल्यावर श्रीरामपूर आलं. रविवार होता, त्यामुळे चर्चला निघालेली मंडळी रस्त्यावर दिसली. इस्त्रीचे कपडे घातलेले बाप, डोक्याला तेल लावलेली पोरं, डोक्यावरून पदर घेतलेल्या आज्या. एका टपरीवर वडापाव आणि चहा घेतला. टपरीवाल्याने गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "किती देती?"

"पंचवीस."

"हिला बैल लावा एखादा," तो म्हणाला आणि दुसऱ्याचा वडा तळायला लागला. सकाळपासून माझ्याशी कोणी बोललं, ते एवढंच. पण बरं वाटलं.

नेवाशाचा रस्ता धरला. पाच-सात किलोमीटरवर उसाची ट्रॉली पलटी झालेली. मोळ्या रस्ताभर पसरल्या होत्या आणि एक माणूस हाताने खूण करून सगळ्यांना कालव्याच्या कडेच्या कच्च्या वाटेवर घालत होता. बाकी मोटरसायकली गेल्या. मीही गेलो. जुन्या गाडीवर अशी वाट दिसली की मला आनंद व्हायचा, आणि डोकं अजून जुन्याच गाडीवर होतं.

पुढच्या मोटरसायकली कुठे वळल्या ते दिसलं नाही. मी सरळ गेलो. तिथे कालव्याचं आवर्तन (पाळीने सोडलेलं पाणी) चालू होतं. कोणाचा तरी पाट फुटून वाटेवर पाणी आलेलं. काळी माती, वर चार बोटं पाणी. पुढचं चाक सरकलं. जुन्या गाडीवर काय करायचो? डावा पाय टेकवायचो, एक झटका द्यायचो, गाडी उभी. पायाने तेच केलं. तो टेकला, चिखलात गेला, आणि दोनशे वीस किलो त्याच्यावर सावकाश आडवे झाले. सावकाश, हे लक्षात राहिलं. थांबवता येणार नाही हे कळायला पुरेसा वेळ मिळाला.

इंजिन बंद केलं. पाय पेटीच्या आणि मातीच्या मधे अडकला होता. पेटी होती म्हणून हाड वाचलं. पण निघेना. बसताही येईना, नीट झोपताही येईना. हाताने सीट ढकलून पाहिली. गाडी हललीसुद्धा नाही.

फोन टाकीवरच्या पिशवीत होता, हात पुरत नव्हता. मग विचार आला, पुरला असता तरी लावला कोणाला असता? सुपरवायझरला, रविवारी? खोलीमालकाचा नंबर आहे तो पाणी कधी येणार हे विचारण्यापुरता. जालन्याहून परत फिरलो तेव्हाही पंपावर असाच नंबर शोधत होतो. आईला लावून काय सांगू, मी चिखलात पडून आहे? तीन वर्षांत या जिल्ह्यात एक माणूस असा जोडला नाही, ज्याला म्हणावं, ये रे जरा. आणि त्यात मी गाडी अशी घेतली जी एकट्याने उचलत नाही. जीव असा घाबरून राहिला होता की पाण्यातला एक बगळा जवळ आला तर मी त्याच्याशीच बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी मागून मोटरसायकलचा आवाज आला. साधी शंभर सीसीची, दोन्ही बाजूंना दोन-दोन दुधाच्या किटल्या लटकवलेली. माणूस पन्नाशीचा, डोक्याला मफलर. तो उतरला नाही. आधी हँडलला बांधलेला बाभळीचा दांडका काढला, टोकाला बेळकं (दोन फाटे) असलेला. तो स्वतःच्या गाडीच्या कॅरिअरखाली लावला, दुसरं टोक पाचटावर (उसाच्या वाळलेल्या पाल्यावर) टेकवलं, हलवून पाहिलं, मग उतरला. भरलेल्या गाडीचं वजन स्टँडला पेलत नाही, म्हणून ही युक्ती. पण मला तेव्हा वाटलं, हा माणूस मला बघायच्या आधी दांडका का बघतोय?

"पाव्हणं, पाय हाय का गेला?"

"आहे. निघत नाही."

त्यांनी माझ्या गाडीचं मागचं कॅरिअर धरून जेमतेम दोन बोटं उचललं. पाय निघाला. बुटात चिखल भरलेला, घोटा ठणकत होता, पण बोटं हलत होती. मी गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. "चला, दोघं उचलू."

ते मागे सरकले. "दोघं कशाला? तू उचल."

"मला होत नाही. दोनशे वीस किलो आहे."

"माझी भरल्यावर तुज्या गाडीपेक्षा जड हुती. चार किटल्यांसकट तीनदा पडलोय. तुला कुठं जायचंय?"

"भंडाऱ्याला. तीन आठवड्यांनी."

"कोन संगं?"

"कोणी नाही."

"मग तिथवर मी येनार न्हाई," ते म्हणाले. "तोंड तिकडं कर. गाडीकडं पाठ कर म्हनतो. ढुंगान सीटला लाव. लाजतो कशाला, हितं कोन हाय? एक हात हँडलला, एक मागं कॅरिअरला. हातानं वडायचं न्हाई. हात नुसतं धरायला. मांड्यांनी मागं चालायचं, बारीक पावलं."

पहिल्यांदा पाय घसरले आणि मी पुन्हा चिखलात बसलो. ते हसले नाहीत. शेजारच्या तुटलेल्या उसातून पाचट कवळाभर आणलं आणि माझ्या पायांखाली पसरलं. सूर्याकडे एकदा पाहिलं. मग गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. "आता माझ्यावर नको टाकू म्हंजे झालं."

दुसऱ्यांदा पाठ लावली. डोळे मिटले. एक पाऊल, अर्धं पाऊल. काही होत नाहीये असं वाटलं आणि एकदम वजन कमी झालं. डोळे उघडले तर गाडी उभी होती.

"झालं की," ते म्हणाले. एक चपटा दगड आणून स्टँडखाली सरकवला. "मऊ रानात स्टँड रुततंय. दगड जवळ ठेवीत जा. आन पाय टाकीत जाऊ नको. आपुन पडलो तरी चालतं, वजनाला पाय लावायचा न्हाई. ये माझ्या मागं, माझ्या चाकाच्या वळातून."

त्यांच्या मागोमाग गेलो. शंभर सीसीवर तेवढं ओझं, पण गाडी कुठे डगमगली नाही. चिखल आला की ते हळू व्हायचे नाहीत आणि जोरातही जायचे नाहीत.

केंद्रावर पोचलो तर शटर खाली. बाहेर पाण्याने जमीन धुणारा माणूस म्हणाला, "रावसाहेब, टँकर जाऊन दहा मिनिटं झाली. कवा उशीर करीत न्हाई तुमी."

तेव्हा मला सूर्याकडे पाहण्याचा अर्थ कळला. म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"तुज्यामुळं न्हाई. मी थांबलो म्हनून."

शेजाऱ्यांच्या तीन किटल्या गावातल्या खव्याच्या भट्टीवर उतरवल्या. घरची एक परत घरी. दूध उन्हात टिकत नाही, आटवायलाच हवं. मी निघतो म्हणालो, तर म्हणाले, "आन हालवायला कोन हाय?"

त्यांच्या बायको, मंदावहिनी, गोठ्यातून बाहेर आल्या. किटली बघितली, मग मला, मग माझे चिखलाचे कपडे. नवऱ्याला म्हणाल्या, "दोघांनी उचलली आसती तर टँकर घावला आसता."

"आज उचलली आसती. पुढं वाटंत पडला तर मी कुठं?"

"व्हय, मास्तर हायेत लई मोठे," त्या म्हणाल्या आणि चुलीवर मोठी कढई ठेवली.

अडीच तास मी ती ढवळत बसलो. तळाला लागू द्यायचं नाही, एवढंच काम. गाई रवंथ करत होत्या. कोणी मला फार काही विचारलं नाही आणि मला परकं वाटलं नाही. दुपारी शेंगोळे जेवलो (हुलग्याच्या पिठाचे वेढे, लसणाच्या रश्श्यात शिजवलेले) आणि बाजरीची भाकरी. भात वाढत नाहीत का, हे मी विचारलं नाही, पण वहिनींनी ओळखलं. "भाताची मानसं ना तुमी? आसू द्या, एक दिस चालतंय."

मी आपल्या गावाचं सांगितलं. तळी, धान, मंडईच्या रात्रीचं नाटक. वहिनी हात पुसत ऐकत होत्या. म्हणाल्या, "लग्नाला एकोनीस वर्सं झाली. दोघं मिळून एक रात घराबाहेर न्हाई राहिलो. ह्ये गेले तर मी गोठ्यात, मी गेले तर ह्ये."

"गाईला रविवार नसतो," रावसाहेब म्हणाले. कोणावर राग नव्हता त्यात.

निघताना त्यांनी कागदात खवा बांधून दिला. फाटकापाशी गाडी वळवताना मी थोडा डगमगलो, पण पाय टाकला नाही. त्यांनी ते पाहिलं आणि मान हलवली.

नेवाशाच्या पुढे टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली, चपटा दगड शोधला, स्टँडखाली घातला, आणि एकट्यानेच खवा खाल्ला. नदीवर माणसं होती, कुटुंबं होती, एकमेकांचे फोटो काढत होती. मी त्यांच्यात नव्हतो. पण सकाळी बगळ्याशी बोलणारा मी आणि हा मी, यांत थोडा फरक पडला होता. आता एक नंबर होता फोनमध्ये. 'रावसाहेब दूध' असा लिहिलेला.

नगरच्या मोठ्या रस्त्याने संध्याकाळच्या आत केडगावला आलो. खोली होती तशीच. दोरीवरचे कपडेही तसेच. आईला फोन लावला आणि म्हटलं, मंडईले येऊन राहिलो, गाडीवर. तिने तारीख विचारली. मग म्हणाली, "एकटाच?" मी हो म्हटलं, आणि पहिल्यांदा त्या 'हो'ची भीती वाटली नाही.

तर मंडळी, मी येतो आहे. हे गुरुजींनी वाचून दाखवलं की मी तिथेच कुठेतरी मागे बसलेला असेन.

आणि रावसाहेब, हा कागद तुमच्याकडेही पाठवतो आहे, म्हणून इथेच लिहून ठेवतो. धार मला काढता येते, आमच्या घरी दोन गाई होत्या. राहिली ती चार किटल्यांची फेरी. सुट्टीच्या प्रत्येक रविवारी येऊन ती मी तुमच्या मागून शिकतो, आधी एका किटलीने, मग दोन. चारही घेऊन त्या कालव्याच्या वाटेने न पडता टँकरच्या आधी पोचलो की चार दिवस गोठा माझ्याकडे द्यायचा. तुम्ही आणि वहिनी कुठेही जा. एकत्र जा. सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही वेळचं दूध मी पोचवीन.