सोमवारी ठेवलेली बैठक

देवळी तालुक्यातल्या एका संस्थेत कोणताही निर्णय मतदानाने होत नाही. बहुमत ही थोड्यांवर केलेली हिंसा आहे, असं तिथे मानतात. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं आणि एकाचाही नकार असेल तर थांबायचं. नियम चांगला आहे. येणाऱ्या पाहुण्यांना तो अभिमानाने सांगितला जातो. प्रमिलाबाई उगेमुगे यांनी तो वापरला, एवढाच त्यांचा गुन्हा.

प्रमिलाबाई मूळच्या पवनारच्या. लग्न करायचं नाही म्हणून विशीच्या आत संस्थेत आल्या. आधी गोशाळा, मग हातमाग आणि आता सत्तरी उलटल्यावर स्वयंपाकघर. सगळे त्यांना ताई म्हणतात. स्वभाव तिखट. भाजीत मीठ जास्त पडलं असं कोणी म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात अळणी वरण येतं. दर सोमवारी त्या मौन पाळत. त्या दिवशी चिठ्ठी लिहायची नाही, खूणसुद्धा करायची नाही. "तोंड बंद अन् हात बडबडते, हे कायचं मौन?" असं त्या मंगळवारी सांगत.

संस्थेच्या बालवाडीत शेजारच्या वस्तीतल्या मजुरांची मुलं येतात. शिक्षिका रक्षा नाचणगावहून स्कूटीने येते. काही मुलांची वजनं वाढतच नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. अंडी दिली तर चालेल का, असं तिने त्यांच्या आयांना विचारलं आणि दर गुरुवारी स्वतःच्या घरून अंडी उकडून आणू लागली. संस्था शाकाहारी. अहिंसा हा तिचा पाया. एके दिवशी कोणाला तरी टरफलं दिसली.

सगळ्यात आधी भडकल्या त्या ताईच. अंड्याच्या वासानेही त्यांना मळमळतं.

"काऊन वं, तुले दुसरं काही सुचलं नाई?"

"सुचलं ना, ताई. दूध मागतलं. मंत्रीजी म्हणे, पुढच्या वर्षी पाहू."

संस्थेत सचिवाला मंत्री म्हणतात. गोशाळेचं दूध रोज पुलगावला विकायला जातं.

"अन् हे पोट्टे अंडं खातेत?"

"घरी मिळालं त खातेच. मिळतच नाई."

पुढच्या गुरुवारी ताई नाकाला पदर लावून बालवाडीत जाऊन बसल्या. मुलं खाताना पाहत राहिल्या.

त्या शनिवारी बैठक झाली. मंत्री प्रभाकरराव निवृत्त प्राध्यापक आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. रक्षाला कामावरून कमी करावं, असा विषय त्यांनी मांडला. "सर्वांची अनुमती आहे, असं धरू या."

"माही नाई," ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही अंड्याच्या बाजूने?"

"मी त्या पोट्ट्याईच्या बाजूनं बोलून राह्यली. आपल्या अहिंसेचा उपास त्याईनं काऊन करायचा?"

नियमाप्रमाणे निर्णय थांबला.

त्यानंतर जे झालं ते स्पष्ट लिहायला हवं. ताईंना अहंकार झाला आहे, असं एकाने म्हटलं. दुसऱ्याने त्यांचं वय काढलं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर 'मी' विसर्जित कसा करावा, यावर चिंतन ठेवलं गेलं आणि बोलणारे ताईंकडे बघून बोलले. त्यांच्या प्रश्नाला मात्र कोणी हात लावला नाही. पटवून द्यायचं हे ज्यांचं तत्त्व, त्यांनी एका म्हातारीला थकवायचं ठरवलं. ती थकेना, तेव्हा पुढची बैठक जाहीर झाली. सोमवारी.

संस्थेच्या बैठका शनिवारी होतात. विचारल्यावर प्रभाकरराव सांगतात, "सोयीचा वार होता." कोणाच्या सोयीचा, ते सांगत नाहीत. जी गप्प बसणार हे माहीत आहे, तिची संमती धरून चालायचं, आणि त्यासाठी तिचंच व्रत वापरायचं. बाकी कुठल्याही संस्थेत याला लबाडी म्हणतात. इथेही दुसरा शब्द शोधायचं कारण नाही.

सोमवारी रक्षा दाराबाहेर बसून होती. प्रभाकररावांनी विषय वाचून दाखवला. "कोणाची हरकत असेल तर बोलावं," असं म्हणून ते चष्मा पुसू लागले.

"हाय. माही हरकत हाय."

"ताई! आज सोमवार!" मागून कोणी तरी ओरडलं.

"मले मालूम हाय. तुमालेबी मालूम होतं, म्हणून त सोमवार धरला."

प्रभाकररावांनी चष्मा लावला. "तुम्ही व्रत मोडलंत, ताई. असं बोललेलं ग्राह्य धरावं का, याचा विचार करावा लागेल."

"करा ना इचार. मी कवाची वाट पाहून राह्यली, तुमी इचार करान म्हणून."

खोलीत कोणी तरी हसलं आणि लगेच खोकलं. विषय बारगळला. रक्षाची नोकरी राहिली, गुरुवारचा डबाही राहिला. आपलं चुकलं, असं संस्थेने अजून म्हटलेलं नाही. ताईंनी व्रतभंगाचं प्रायश्चित्त घ्यावं, असं मात्र दोघा-तिघांनी सुचवलं. सोमवार निवडणाऱ्याने काय घ्यावं, हे कोणालाच सुचलं नाही.

मौन ताईंना आवडायचं. आठवड्यातला तेवढाच एक दिवस आपला वाटायचा, असं त्या सांगतात. आता त्या सोमवारीही बोलतात. रक्षा मध्ये म्हणाली, "ताई, झालं ना आता सारं. धरा की मौन."

ताई भाकरी थापत होत्या. "नाई जमत आता, बाई. मी चूप बसली का हे लोक ठरवून मोकळे होतेत."