दाताखालचा दाणा

“झालं. उठा आता,” असं म्हणून काकाजी कॅमेऱ्यापासून दोन पावलं मागे सरकायचे. समोरचा माणूस हुश्श करायचा, ताठ धरलेले खांदे सोडायचा, मानेवरचा घाम पुसायचा. तेवढ्यात काकाजी खिशातल्या रिमोटचं बटण दाबायचे. खरा फोटो तो. आधीचे सहा-सात नुसते माणसाला थकवण्यासाठी असत.

तुम्हीही कधीतरी अशा स्टुडिओतल्या स्टुलावर बसला असाल. हनुवटी वर, मान जराशी डावीकडे, हसा! आणि आपण हसायचं कसं तेच विसरून जातो. भंडाऱ्यातल्या काकाजींच्या स्टुडिओत ‘हसा’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. एकदा निवृत्त होणारे एक हेडमास्तर टाय लावून आले. काकाजींचं ‘झालं’ ऐकताच त्यांनी टाय ओढून सैल केला, आणि फ्रेममध्ये लागला तो त्या क्षणाचा फोटो. मास्तर भांडायला आले. मागोमाग त्यांच्या बाई आल्या. म्हणाल्या, “मले एक जास्तीची प्रत द्या. लग्न झाल्यापासून पयल्यांदा हे मोकळे दिसून राहिले.”

काकाजींची दुसरी खूण म्हणजे त्यांचा डावा डोळा. कॅमेऱ्यातून पाहून पाहून त्याला मिटायची सवयच लागली होती. बाजारात वांगी घेतानाही ते एक डोळा मिटून वांगं फिरवून फिरवून न्याहाळायचे. भाजीवाली वैतागायची. “काकाजी, वांगे घेऊन राहिले का फोटो काढून राहिले?”

त्यांच्या शेजारीच माझं फ्लेक्स आणि पाकिटं डिझाइन करायचं दुकान. बारसं, वाढदिवस, श्रद्धांजली, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. माझं काम झटपट असे आणि त्याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते माझ्या बाबतीत एका तांदळाच्या पाकिटाने झालं.

आसगावच्या कुंदाबाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या बचत गटातल्या बायका घरच्या धानाचा तांदूळ हाताने निवडून पाकिटात भरून विकणार होत्या. मी इंटरनेटवरून मावळतीच्या उन्हातलं एक सोनेरी शेत उतरवून घेतलं, वर सोनेरी अक्षरं टाकली आणि तासाभरात पाकीट तयार केलं. गटाने ते भंडाऱ्याच्या प्रदर्शनात मांडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, “काहो बाई, तुमच्या गावी गव्हाले तांदूळ लागते काय?”

फोटोतल्या ओंब्या गव्हाच्या होत्या. जन्म धानाची शेतं पाहण्यात गेला आणि मला ते दिसलं नाही! दिवसभर लोक फोटोला हसले आणि पुढे गेले. तांदूळ जसा आला तसा परत गेला.

कुंदाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “माह्या घरच्यानं सांगतलं, पुढच्या डाव बी परत आला तं गट बंद. सारा तांदूर व्यापाऱ्याले. दुसरा फोटो पाह्य बाई.”

मी तोंड पाडून काकाजींकडे गेले.

“धानाचं शेत राहिलं असतं तरी कोणी थांबलं नसतं,” ते म्हणाले. “सोनेरी शेत तं साऱ्याच पाकिटावर आहे. या बाया काय करते, कशा करते, ते तू जाऊन पाहिलं काय?”

“नाही.”

“मंग कायले बसली? चाल.”

आम्ही एसटीने आसगावला पोचलो तर कुंदाबाईंच्या अंगणात जणू लग्नघर. बायकांनी शालू नेसलेले, तोंडाला पावडर, मागे फुलांचा पडदा. सुपं आणि टोपल्या घरामागे लपवलेल्या, कारण फोटोत पसारा दिसतो.  काकाजी एकेकीला हवं तसं उभं करून, बसवून, दोन तास फोटो काढत राहिले.  शेवटी मी त्यांच्या कानाशी लागले, “काकाजी, हे पाकिटावर चालायचं नाही.”

“मले माहीत आहे. पण सजल्या आहेत त्या, पोरी. त्याइचा फोटो त्याइले भेटलाच पाहिजे.”

मग ते नेहमीचं आलं. “झालं. उठा आता.” कॅमेरा त्यांनी गळ्यात लोंबकळत सोडला.

बायकांनी पदर खोचले. सुपं बाहेर आली. कुंदाबाईंनी पोतं सोडून मूठभर तांदूळ घेतला, एक दाणा दाताखाली धरला, एक डोळा मिटला आणि चावला. कट्! बाकीच्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. दाणा नीट वाजला तर वाळला, नाहीतर पोतं पुन्हा उन्हात, आणि हे ठरवणाऱ्या कुंदाबाईच. काकाजींचं बोट छातीवरच्या कॅमेऱ्यावर कधी गेलं ते कोणालाच कळलं नाही.

दुकानात तो फोटो पाहून मी कपाळाला हात लावला. “काकाजी, तोंड वाकडं, डोळा मिटलेला! जाहिरात आहे ही.”

“लोक ईचारन, ही बाई काय करून राहिली? ईचारलं का पाकीट हातात घेतेच. फोटोनं एवढंच करा लागते. बाकीचं तांदूळ करन.” मग माझ्या अक्षरांकडे बोट दाखवून म्हणाले, “अन् हे सोनं काढ तिथून.”

नमुना पाहून कुंदाबाई तर दचकल्याच. “अवो माय! मी अशी दिसतो?”

“दाना पारखतानी अशीच दिसते तू,” काकाजी म्हणाले. “नाही आवडलं तं नको छापू. फोटो तुहा आहे.”

त्या नमुना घेऊन गावी गेल्या. त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “घरचा म्हनते, धान घ्याले येते तो व्यापारी बी असाच दाना चावते. छापा.”

पुढच्या प्रदर्शनात एक म्हातारा शेतकरी स्टॉलपाशी थबकला, फोटो पाहून हसला आणि म्हणाला, “खरंच वाजते काय?” कुंदाबाईंनी पाकीट फोडून चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने चावले. मग त्याच्या मागच्याने हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टॉलवर फक्त रिकाम्या टोपल्या उरल्या होत्या. काकाजी मागे उकिडवे बसून दाणे चावत होते. मी आनंदाने रडले, लपवत नाही.

गट आजही चालतो. दर हंगामात नवं पाकीट, त्यावर गटातली नवी बाई, आणि फोटो आता कुंदाबाई स्वतः काढतात.

गेल्या थंडीत काकाजी गेले. श्रद्धांजलीचं बॅनर माझ्याचकडे आलं आणि माझ्या लक्षात आलं की अर्ध्या जिल्ह्याचे फोटो असलेल्या त्या स्टुडिओत त्यांचा स्वतःचा फोटोच नाही. होता तो एक ओळखपत्राचा, ताठ, आधीच्या सहा-सातांतला. तो लावायला माझा हात होईना.

काकाजींच्या घरी काकूंना भेटायला आलेल्या कुंदाबाईंनी आपला मोबाइल आमच्यापुढे धरला. “तवा स्टॉलवर मी त्याइचे दोन-चार काढले. मंग म्हनलं, झालं काकाजी, उठा आता. अन् हा काढला.”

रिकाम्या टोपल्यांमध्ये उकिडवे बसलेले काकाजी. दाताखाली दाणा, डावा डोळा मिटलेला.

फोटो तर हाच होता. पण श्रद्धांजलीवर एक डोळा मिटलेला माणूस? मी काकूंकडे पाहिलं.

काकूंनी मोबाइल जवळ घेतला आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग त्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या.

“हाच लाव,” त्या म्हणाल्या. “मले पाहाले आले होते तवा बी असेच पाहून राहिले होते. मले वाटलं, याइच्या डोळ्यात कचरा गेला.”