टर्न काकांचा नव्हता, माझा होता

मागच्या वर्षी मी इथे चुकीचं लिहिलं होतं.

काकांच्या तेरवीच्या संध्याकाळी टाकलेली ती पोस्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली. त्यात मी म्हटलं होतं की आमचा गेम काकांच्या टर्नवर अडकून राहिला, ते आपली चाल खेळायची ठेवून गेले.

तसं नाही. काका खेळून गेले होते.

माझी चाल मी आधीच खेळले होते, म्हणून तसं धरून चालले; नंतर इतके दिवस गेम उघडायचा धीरच झाला नाही. गेल्या आठवड्यात नवीन लॅपटॉपवर टाकला तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वर लिहून आलं, "तुमचा टर्न".

वर्षभर तो माझ्यासाठी थांबला होता.

जुनी पोस्ट काढली नाही. तिच्याखाली तुम्ही इतकं मायेनं लिहिलंय, ते पुसायचा मला अधिकार नाही. पण आज काकांना जाऊन वर्ष झालं. आज तरी खरं लिहिलेलं असावं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. नालवाडीच्या आमच्या घरात समोरच्या खोलीत टायपिंगची कामं घ्यायचे.

लहानपणी शाळेचं नाव काढलं की माझ्या पोटात कळा यायच्या. वर्गात तोंडातून शब्द फुटायचा नाही. शेवटी दोन वर्षं मला घरीच ठेवलं आणि काकांनी शिकवलं.
मुळाक्षरं त्यांच्या कीबोर्डवर.
वजाबाकी गेममधल्या धान्याच्या कोठारावर.

त्या गेममध्ये माणसं घेऊन निघायचं, जागा बघायची, शहर वसवायचं. नदीकाठी वसवलं तर ते वाढतं. पाण्यापासून लांब वसवलं तर घरं होत नाहीत, माणसं येत नाहीत, शहर आहे तेवढंच राहतं.

मी नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा आम्ही आमचा शेवटचा गेम सुरू केला. ऑनलाइन. एक टर्न मी खेळायची, एक काका, ज्याच्या त्याच्या सवडीनं. फोनवर बोलणं आम्हा दोघांनाही जमायचं नाही. जेवलीस का, हो जेवले, झालं.

टर्न आला की कळायचं, काका बरे आहेत.

पहिलंच शहर मी भलत्या जागी वसवलं. माझी माणसं उघड्यावर चालत होती, कोणी लुटेल म्हणून जीव घाबरा झाला, आणि जिथं उभी होते तिथंच मुक्काम टाकला. उजाड माळ. नदी नाही, तळं नाही. नाव ठेवलं नालवाडी.

काकांचा लगेच फोन आला. स्वतःहून, पहिल्यांदाच.

"काऊन वं, नदी तं समोरच होती. दिसून नाई राह्यली का तुले?"

मी म्हटलं, भीती वाटली. मोडून दुसरीकडे नेता येईल का?

"वसवलं ना? मंग आता पोस त्याले."

नाव मात्र बरोबर ठेवलंस म्हणाले. उन्हाळ्यात आमच्या नळाची काय तऱ्हा असते, ते इथल्यांना सांगायला नको.

तेव्हापासून मी त्या गावाच्या मागे. कालवा बांधायचा तर पाण्याला लागून जागा लागते. जवळ एकच तळं होतं आणि ते काकांच्या हद्दीत, त्यांनी आंजी नाव दिलेल्या शहराकडे. मी मागायची, ते नाही म्हणायचे. सैन्य आण अन् जिंकून घे म्हणायचे. मी कधीच हल्ला करणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मे महिन्यात सुटीवर आले तेव्हाही हेच भांडण. आई कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती. म्हणाली, घरच्या कूलरले पाणी नाई अन् हे दोघं कोनत्या गावाले पाजून राह्यले काय मालूम.

तर काकांनी शेवटच्या टर्नला काय केलं होतं ते सांगते.

त्यांनी मला आंजी देऊ केली होती. अख्खं शहर, तळ्यासकट.
बदल्यात काय हवं, ती जागा रिकामी.
खाली दोन बटणं. स्वीकारा. नाकारा.

वर्षश्राद्धाला घरी आल्यावर आईला विचारलं, दवाखान्यात नेण्याआधी काका काही बोलले होते का? आई पोळ्या लाटत होती.

"दुपारी मोबाईल घेऊन पडले होते. म्हणे वैनी, पोरगी लय दिवसाची मांगून राह्यली, देऊन टाकतो. मले वाटलं मोबाईलच देतो म्हणून राह्यले. मी म्हटलं, भाऊजी, तिच्याजवळ चांगला हाये, तुमचा तुमीच वापरा."

मी हसले. मग न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आले.

आठवडा झाला, मी ते पान उघडते आणि बंद करते.

स्वीकारलं तर त्या गावाला पाणी मिळेल. पण मग टर्न संपवावा लागेल. वर काकांचं नाव येईल आणि तसंच राहील. वर्षापूर्वी जे चुकून लिहिलं, ते माझ्याच हातानं खरं होईल. दाबत नाही तोवर निदान आमच्यातलं एक बोलणं अर्धं आहे, आणि उत्तर माझ्याकडे आहे.

घरात हा गेम दुसऱ्या कोणाला येत नाही. ऑफिसात एकीला सांगितलं, ती म्हणाली, अगं गेमच आहे ना.

गेमच आहे.

पण पाणी आलं, हे मी कोणाला कळवू?

तरीही देणाऱ्याला इतकं ताटकळत ठेवणं बरं नाही. आणि ते गाव मीच वसवलंय.

वर्ष सरलं, म्हणून यंदा पहिल्यांदाच आमच्या घरी काकांच्या नावाची पाण्याची घागर भरली जाईल. तोवर मी इथंच आहे. घागरीची पूजा झाली, पानं वाढून झाली, की समोरच्या खोलीत बसेन. आधी स्वीकारेन. कालव्याचं काम लावेन. मग टर्न संपवेन.

काका, नमस्कार करते. तुमचं तळं घेते.

येत्या रविवारी, अक्षय्य तृतीयेला.