गळ्यातला इणा

२०२२ साल, आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा म्हणाल तर मराठी तिसरी. पुढचं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती उचलण्यात गेलं आणि उरलेलं भजनात. भजनातलं मला कुणी शिकवायला येऊ नये, असं मी तेव्हाही म्हणायचो, आताही म्हणतो.

त्या वर्षी गावच्या सप्त्यात दुपारचा पहारा माझ्याकडं आला. सप्त्यात सात दिवस देवळात नाम अखंड चालतं. एकानं गळ्यात वीणा अडकवायची, आम्ही तिला इणा म्हणतो, आणि नाम घेत देवापुढं मागं-पुढं चालायचं. मागं टाळकरी. पहारा संपला की इणा पुढच्या माणसाच्या गळ्यात. सात दिवस तो जमिनीला टेकत नाही. आणि दुसऱ्या कुणी तो काढून घ्यायचा नसतो. ज्याच्या गळ्यात आहे त्यानंच आपल्या हातानं द्यायचा. देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. तिथं थोरला-धाकटा बघत नाहीत.

गुरवानं फळ्यावर खडूनं पहारे लिहिले होते. माझ्या नावाखाली माझ्या धाकट्या भावाचं नाव. मुद्दाम लिहिलं का चुकून, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

भावाशी माझं बोलणं बंद होतं. लोकांना वाटायचं शेतीवरून असेल. शेतीवरून नव्हे. काही वर्षांमागं संकेश्वरच्या बाजूला एका गावात भजनाची स्पर्धा होती. मी म्हणणारा, तो पखवाजाला. मी सगळं आयुष्य काळी चार पट्टीत गायलो. चढा सूर, तोच माझा. त्या दिवशी तिसऱ्या अभंगाला वरच्या जागेवर आवाज जरा फाटला. भावानं पेटीवाल्याला डोळ्यानं खुणावलं आणि मला म्हणाला, "अण्णा, खाली घे. काळी दोन." माईक त्याच्या तोंडाशीच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं, आणि मांडव हसला. मी तिथंच त्याला म्हणालो, "वाजवायला बसलायस, वाजीव." त्यानं हात काढून घेतला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते, त्यानं आवाज भरून येतो. ती त्यानं सगळ्यांदेखत खरवडली आणि मांडवाबाहेरच्या कुत्र्यापुढं टाकली. ती कणीक माझ्या घरातली होती. आमच्या लहानपणापासून पखवाजाची कणीक आमच्याच घरातनं जायची, आधी आई मळायची, मग माझी बायको.

त्यानंतर त्यानं मारुतीच्या देवळात आपली मंडळी वेगळी बसवली. एकादशीला गावात दोन भजनं. इकडं आम्ही, तिकडं ते.

पहाऱ्याच्या दिवशी निघताना बायको म्हणाली, आज इणा भावजींच्या हातात द्यायचा आहे, नीट द्या. मी म्हणालो, बघू.

मी इणा घेतला. ऊन रणरणत होतं, देवळापुढच्या मांडवाचा पत्रा कडकड वाजत होता. एरवी दुपारच्या पहाऱ्याला टाळकऱ्यांखेरीज कुणी नसतं. त्या दिवशी बाया भिंतीला टेकून बसलेल्या, त्यांत माझी बायकोही, पोरं कट्ट्यावर, आणि शेजारचा माझा कानडी बोलणारा जैन मित्रही येऊन बसला होता. आमच्या देवाला तो हात जोडतो, पण सप्त्याला तो माझ्यासाठी येतो. फळा सगळ्यांनीच वाचला होता.

वेळ झाली आणि भाऊ आला. आंघोळ करून, धोतर नेसून, कपाळाला गंध. देवाला हात जोडले आणि खांबाजवळ उभा राहिला.

मी त्याच्यासमोरून नाम घेत गेलो. थांबलो नाही. फिरून आलो, पुन्हा पुढं गेलो. टाळकऱ्यांचे टाळ चालू होते, पण त्यांनी एकमेकांकडं बघितलेलं मला कळलं. मी ठरवून टाकलं होतं. त्याच्या पायाला हात लावायचा नाही. आणि तो इणा ओढून घेऊ शकत नाही. मग उभा राहू दे.

असं बराच वेळ चाललं. मित्र जवळ येऊन हळूच म्हणाला, "साकु मारायरे. बास झालं. माणूस उभा हाय." मी नाम घेत पुढं गेलो.

माझा डावा गुडघा वखारीतच गेलेला. तो आधी दुखला, मग थरथरायला लागला. फिरताना मी खांबाचा आधार घ्यायला लागलो. बायको पुढं सरकून बसली. सगळ्या देवळाची नजर माझ्या पायावर आली. मला पडण्याची भीती नव्हती. भीती इण्याची होती. मी पडलो तर इणा खाली जाणार, नाम तुटणार, आणि मी मेल्यावरही गाव म्हणणार की सप्ता मोडला तो ह्याच्या गळ्यात इणा असताना. हे कळत होतं तरी द्यावासा वाटत नव्हता. उलट मी नाम आणखी चढवलं.

तेव्हा भाऊ हलला. मला वाटलं आता हात पुढं करतोय. माझी मूठ इण्यावर घट्ट झाली. पण त्यानं एका टाळकऱ्याच्या हातातले टाळ घेतले आणि माझ्या मागं उभा राहिला. ज्याच्या गळ्यात इणा यायचा तो माझा टाळकरी होऊन मागनं चालायला लागला. आणि त्यानं नाम धरलं. खाली. काळी दोन.

माझं डोकं भणभणलं. पुन्हा तेच. भर देवळात पुन्हा तेच. एक टाळकरी त्याच्या सुरात गेला, मग दुसरा, मग भिंतीकडच्या बाया. वरती मी एकटा राहिलो. मी जीव खाऊन वर ओढलं आणि आवाज तुटला. तोंड उघडं, आत वारा नाही.

मी गप्प झालो. गळ्यात इणा असताना गप्प झालो.

पण नाम थांबलं नव्हतं. माझ्यामागं, बाजूला, भिंतीपाशी ते चालूच होतं. एवढी वर्षं मला वाटायचं की भजन मी ओढतो म्हणून चालतं. त्या घडीला ते माझ्याविना चाललं होतं, आणि त्यांनी मला बाहेर टाकलं नव्हतं. मी श्वास घेतला. तोंड उघडलं तर आवाज आपोआप त्यांच्यात जाऊन बसला. जोर लावावा लागला नाही. सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला, आणि त्यात माझा कुठला ते मलाच वेगळं काढता येईना. पत्रा वाजत होता तो ऐकू यायचा बंद झाला. गुडघा थरथरत होता तसाच, पण माझी मूठ सैल पडली.

तसाच थोडा फिरलो. मग मीच मागं वळलो, गळ्यातनं पट्टा काढला आणि त्याच्या गळ्यात घातला.

तो लगेच वाकला, माझ्या पायाला हात लावला. आता माझी पाळी. मी वाकायला गेलो तर गुडघा वाकेना. त्यानं एका हातानं माझं कोपर धरलं. तोंडानं नाम चालू होतं, मधेच हळू म्हणाला, "असू दे अण्णा. गुडघा हाय तुझा."

"गप रं. मी इण्याच्या पाया पडतोय. तुझ्या न्हाय."

"मग सावकाश पड. इणा माझ्याच गळ्यात हाय."

त्याच्या पायाला माझी बोटं लागली. उठताना त्यानंच उठवलं. मग तो पुढं गेला आणि मी टाळ घेऊन त्याच्या मागं उभा राहिलो. मित्र म्हणाला बसा आता, पण मी बसलो नाही. त्याचा पहारा संपेपर्यंत खांबाला टेकून उभा होतो.

स्पर्धेत मी चुकलो नव्हतो, हे मी आजही म्हणतो. काळी चार माझीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, काकड्याच्या आधी, मी परात घेतली आणि स्वतः कणीक भिजवली. बायको उठून दारात उभी राहिली; मी म्हणालो हात लावू नकोस. पहिल्यांदा पातळ झाली, पीठ घालून घट्ट केली. गोळा वाटीत ठेवला, वर ओलं फडकं टाकलं आणि देवळात गेलो. भाऊ गवसणीतनं पखवाज काढत होता. मी वाटी त्याच्या डाव्या हाताशी ठेवली, पलीकडं जाऊन बसलो आणि पेटीवाल्याला म्हणालो, "काळी तीन धर. दोन न्हाय."